कमी जागेतला नाच

जून १९९९ मध्ये बीबीसीने लोकांची मते मागवली होती. प्रश्न होता, गेल्या हजार वर्षांत रंगभूमीवर किंवा पडद्यावर होऊन गेलेला सर्वांत थोर कलावंत कोणता? पहिला आला अमिताभ बच्चन. लॉरेन्स ऑलिव्हिए त्याच्या मागे राहिला. आणि पहिल्या दहा नावांत दहावे नाव होते गोविंदाचे. अशा मतदानातून कलेचे माप निघत नाही, मत देणाऱ्यांच्या उत्साहाचे निघते, हे मला मान्य आहे. पण तो प्रश्न माझ्या मनात राहून गेला, आणि तो त्यातल्या ‘रंगभूमी’ या शब्दामुळे. गोविंदाने उभ्या आयुष्यात नाव घ्यावे असे एक नाटक केलेले नाही. मग त्याच्या अंगात हे जे काही आहे, ते आले कुठून?

गोविंदावरच्या या पुस्तकाच्या लेखकाने हस्तलिखित माझ्या हाती दिले तेव्हा मी त्याला हाच प्रश्न विचारला होता. तो म्हणाला, ‘तुम्ही विरारमध्ये राहता, तुम्हीच सांगा.’ ही प्रस्तावना म्हणजे त्याला दिलेले उत्तर आहे.

आपल्याकडे नट म्हटला की तालमीची खोली डोळ्यांपुढे येते. डॉ. श्रीराम लागू डॉक्टरकी सोडून रंगभूमीवर आले, मग सिनेमात गेले. निळू फुले कलापथकातून आणि लोकनाट्यातून आले. दादा कोंडक्यांचा पाया ‘विच्छा माझी पुरी करा’ने घातला. लक्ष्मीकांत बेर्डेला ‘टूरटूर’ने उभे केले. मराठी माणूस नटाला पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की नाटक कुठले केले? या मापाने मोजायला गेलो तर गोविंदाची पाटी कोरी निघते. म्हणूनच आपल्या समीक्षेने त्याला कधी हात लावला नसावा. ज्याचा उगम सापडत नाही त्याच्यावर लिहायचे तरी काय?

उगम सापडतो. फक्त तो नाट्यगृहात शोधून मिळणार नाही, त्यासाठी पश्चिम रेल्वेच्या टोकाला यावे लागते.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुटली. रोज एक. १९३६ मध्ये विजेच्या गाड्या विरारपर्यंत आल्या. म्हणजे मुंबईशी आमचे नाते पहिल्या दिवसापासून रुळांचे आहे. चर्चगेट ते विरार अंतर साठ किलोमीटर. पण आजची महानगरपालिका झाली ती २००९ मध्ये, आणि पालघर जिल्हा २०१४ मध्ये. साठ-सत्तरच्या दशकांतले विरार म्हणजे भातशेती, विहिरी, केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, जीवदानीचा डोंगर, आणि स्टेशनाच्या आजूबाजूला हळूहळू वाढत चाललेल्या चाळी. मुंबईत भाडे परवडेना तो इथे येई. मुंबईत ज्याचे काही बुडाले तोही इथे येई.

गोविंदाचे वडील अरुणकुमार आहुजा असेच आले. ते पंजाबातल्या गुजरांवालाचे, दिसायला देखणे, बोलपटांच्या पहिल्या पिढीतले नायक. मेहबूब खान यांच्या १९४० च्या ‘औरत’मध्ये त्यांनी काम केले होते. याच चित्रपटावरून मेहबूबनी पुढे ‘मदर इंडिया’ काढला. अरुणकुमारांनी स्वतः निर्माता व्हायचे ठरवले, चित्रपट पडला, कार्टर रोडचा बंगला गेला आणि कुटुंबाने विरार गाठले. त्यांच्या पत्नी निर्मलादेवी मूळच्या बनारसच्या. १९४२ च्या ‘सवेरा’मध्ये त्यांनी अभिनय केला होता, पण त्यांचे खरे नाव झाले ते गाण्यात. पतियाळा घराण्याची तालीम, ठुमरी हा हातखंडा. लक्ष्मी शंकर यांच्याबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका जुने श्रोते आजही काढून ऐकतात. सहा भावंडांत सर्वांत धाकटा तो गोविंदा, जन्म २१ डिसेंबर १९६३. घरात त्याला चीची म्हणत.

चित्रपटाचे वैभव या मुलाने पाहिले नाही, त्याच्या वाट्याला त्या वैभवाच्या गोष्टी तेवढ्या आल्या. त्याच्या डोळ्यांपुढे होती ती आई आणि तिचे गाणे. वसईच्या अण्णासाहेब वर्तक महाविद्यालयातून तो वाणिज्य शाखेचा पदवीधर झाला. इंग्रजी नीट येत नाही म्हणून एका मोठ्या हॉटेलातली नोकरी हुकली, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. आमच्या भागातल्या त्या पिढीच्या कितीतरी मुलांची हीच कथा होती. हातात पदवी, खिशात रेल्वेचा पास, आणि मुलाखतीच्या खोलीत तोंडाला कोरड.

आता लोकलबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण गोविंदाच्या नाचाची किल्ली मला तिथे सापडली.

संध्याकाळी विरार फास्ट पकडायची हे एक शास्त्र आहे. अनुभवी माणूस उलट्या दिशेने चर्चगेटला जातो आणि त्याच गाडीत बसून परततो, त्याला आम्ही ‘डाऊन करणे’ म्हणतो. ज्याला ते जमत नाही तो अंधेरीला, बोरिवलीला दारावर तुटून पडतो. आधी खांदा आत, मग कंबर, मग बॅग छातीशी. एका पावलापुरती जागा मिळाली की बाकीचे शरीर गर्दीच आत ओढून घेते. आत गेल्यावर हातपाय हलवायची सोय नसते. हलते ती मान, मनगट, फार तर कंबरेचा एक झोक. आणि डोळे. शेजाऱ्याला ‘जरा सरका’ म्हणायचे ते भुवईने. भांडण टाळायचे ते हसण्याने. डब्यात टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी मी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. इतक्या दाटीत ते माना आणि खांदे असे काही डोलवतात की पाहणाऱ्याला सगळा डबा नाचतोय असे वाटावे.

आता गोविंदाचे कुठलेही गाजलेले गाणे लावा आणि आवाज बंद करून पाहा. पडदा भलामोठा आहे, मागे पन्नास नर्तक आहेत, परदेशातला रस्ता रिकामा करून घेतलेला आहे. आणि हा माणूस हातभर जागेत उभा राहून नाचतो आहे. उड्या नाहीत, कोलांट्या नाहीत. खांदा उचलतो, कंबर एका बाजूला टाकतो, मनगट फिरवतो, आणि तालाच्या मधल्या रिकाम्या जागेत भुवई उडवतो. त्याच्या बरोबरीचे नट सगळा पडदा व्यापायला धावत होते. याने आपली जागा लहान ठेवली आणि लोकांची नजर तिथे आणून बसवली.

हे सगळे लोकलने शिकवले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. लोकलमध्ये आम्ही लाखो जण उभे राहिलो आणि आमच्यातला एकच गोविंदा झाला. लोकलने त्याला जागेची शिस्त दिली असेल. त्या जागेत करायचे काय, ते आईकडून आले. ठुमरीत ‘बोल बनाव’ असतो. शब्दांची एकच ओळ गायिका पुन्हा पुन्हा घेते, दर वेळी वेगळ्या भावाने. एकदा रुसून, एकदा विनवून, एकदा टोमणा मारून, एकदा सगळे विसरून हसत. शब्द तेच राहतात, अर्थ पालटत जातो. बैठकीची ठुमरी गाणारी बाई जागची हलत नाही, तिचा डोळा आणि हात ते काम करतात. निर्मलादेवींनी मुलाला मुद्दाम हे शिकवले असे कुठे नोंदलेले नाही, आणि मी तसा दावाही करत नाही. पण ज्या घरात रोज ठुमरी गायली जाते तिथल्या मुलाच्या कानांतून ती अंगात उतरल्यावाचून राहत नाही. गाण्याचे एकच कडवे तीनदा आले तर गोविंदाचा चेहरा तिन्ही वेळा वेगळा असतो. तो शब्दांचा अर्थ पुन्हा सांगत नाही, अर्थाच्या छटा बदलतो. हिंदी चित्रपटातल्या नाचणाऱ्या पुरुषांत ही गोष्ट मला दुसऱ्या कुणात इतकी स्पष्ट दिसली नाही.

बाकीचे त्याने धडपडून मिळवले. ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ पाहून तासन्‌तास सराव केला, आपल्या नाचाची व्हिडिओ कॅसेट निर्मात्यांकडे फिरवली. सरोज खान यांच्याकडे तो विरारहून शिकायला जाई. फीला पैसे नव्हते आणि त्यांनी ते मागितले नाहीत, ही आठवण चित्रसृष्टीत सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीच्या पिढीत याच जातीचा एक पूर्वज मराठीच होता. भगवान आभाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांनी जाड्या अंगाने, जवळपास जागच्या जागी केलेला नाच पुढे अमिताभने उचलला, गोविंदानेही. गिरणगावच्या चाळीपासून विरारच्या चाळीपर्यंत एक सरळ रेघ ओढता येते. नाच शिकायला ज्यांच्यापाशी अंगण नव्हते, त्यांनी तो कसा केला याची ती रेघ आहे.

१९८६ मध्ये ‘इल्जाम’ आला आणि गोविंदा एका रात्रीत नट झाला. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांवर पुस्तकात पुरेसे आहे. मी त्यांवरून भरभर पुढे जातो, कारण मारामारीच्या आणि रडारडीच्या त्या गर्दीत त्याचे स्वतःचे असे थोडेच आहे. १९८९ च्या ‘ताकतवर’मध्ये त्याला डेव्हिड धवन भेटला. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकलेला, आणि हा पहिलाच चित्रपट दिग्दर्शित करणारा. पण दोघांची खरी गाठ बसली ती ‘शोला और शबनम’ आणि १९९३ च्या ‘आँखें’पासून. पुढे ‘राजा बाबू’, ‘कुली नंबर १’, ‘साजन चले ससुराल’, ‘हीरो नंबर १’, ‘बडे मियाँ छोटे मियाँ’, ‘हसीना मान जायेगी’. यांतल्या बऱ्याच कथा उसन्या. ‘राजा बाबू’ आणि ‘कुली नंबर १’ तमिळमधून आल्या, ‘साजन चले ससुराल’ तेलुगूतून, ‘हीरो नंबर १’चा सांगाडा हृषिकेश मुखर्जींच्या ‘बावर्ची’चा. उसने कापड अंगाला घट्ट बसवायचे शिवणकाम मात्र पूर्णपणे गोविंदाचे.

आमच्या दारावर पूर्वी बहुरूपी यायचे. पोलिसाचा वेष करून लहान मुलांना दम द्यायचे, मग हसून झोळी पुढे करायचे. त्यांनी पोलिसाचे सोंग घेतले आहे हे घरातल्या सगळ्यांना माहीत असे, तरी दोन क्षण सगळे घाबरत. ‘राजा बाबू’मधला खेड्यातला श्रीमंत, अडाणी मुलगा डॉक्टरच्या, वकिलाच्या, पोलिसाच्या पोशाखात फोटो काढून घेतो. लोक त्या दृश्याला हसतात. मला तिथे बहुरूपी दिसतो, आणि त्या पोशाखांपैकी एकही अंगावर खरा चढणार नाही हे आतून ओळखून असलेला मुलगाही दिसतो. ‘कुली नंबर १’मध्ये हमाल राजपुत्राचे सोंग घेतो. ‘दुल्हे राजा’त तो पंचतारांकित हॉटेलाच्या अंगणातच धाबा टाकून बसतो आणि हॉटेलवाल्याच्या नाकी नऊ आणतो. ज्याला इंग्रजीपायी हॉटेलात नोकरी मिळाली नव्हती, त्याने ही भूमिका इतक्या आनंदाने का केली असेल, याचे उत्तर मला शोधावे लागले नाही.

‘दुल्हे राजा’तला तो हॉटेलवाला म्हणजे कादर खान. त्याच्याविषयी लिहिल्याशिवाय गोविंदाविषयी लिहिणे अपुरे राहते. कामाठीपुऱ्यात वाढलेला, साबू सिद्दीक महाविद्यालयात शिकवणारा, नाटके लिहिणारा आणि बसवणारा हा माणूस सिनेमात आला तो रंगभूमी सोबत घेऊनच. गोविंदाला जी तालमीची खोली कधी मिळाली नव्हती ती कादर खानच्या रूपाने चालत सेटवर आली. दोघे एका चौकटीत उभे राहिले की कॅमेरा फारसा हलत नाही आणि हलायची गरजही पडत नाही. एक प्रश्न टाकतो, दुसरा त्याचा अर्थ उलटा करून परत करतो, पहिला चिडतो, दुसरा पायाला हात लावतो. ही आपली बतावणी आहे. तमाशातले पाटील आणि सोंगाड्या कोट-टाय घालून आलेले आहेत, एवढाच फरक. सासरा-जावई, बाप-मुलगा, मालक-नोकर, नाते कुठलेही असो, ताल तोच. ३१ डिसेंबर २०१८ रोजी कॅनडात कादर खान गेला. त्या जुगलबंदीवर मराठीत कुणीतरी नीट लिहायला हवे होते. या पुस्तकाचे सातवे प्रकरण ते करते, आणि माझ्या मते पुस्तकातले ते सर्वांत चांगले प्रकरण आहे.

याच मांडणीत आपला सदाशिव अमरापूरकर होता. अहमदनगरचा, मराठी नाटकांत घडलेला, ‘अर्धसत्य’मधल्या रामा शेट्टीने अंगावर काटा आणणारा नट. ‘कुली नंबर १’मधला लग्ने जमवणारा शादीराम घरजोडे त्याने केला आहे. अपमानित झालेल्या माणसाचा सूड आणि त्याच सूडातला पोरकटपणा तो एकाच वाक्यात दाखवतो, आणि गोविंदा त्याच्यासमोर मुद्दाम आवाज खाली आणतो. समोरचा मोठा असेल तर त्याला जागा द्यावी, हे गोविंदाला कळत होते. शक्ती कपूर असो, कादर खान असो की अमरापूरकर असो, लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला बसवतात तसे तो सगळ्यांना सरकून बसवतो. नायकाने विनोदी नटांना एवढी जागा द्यावी अशी तेव्हा रीत नव्हती.

प्रस्तावनाकाराने केवळ कौतुक करून थांबू नये. या चित्रपटांतल्या बायकांकडे पाहायची नजर बऱ्याच ठिकाणी ओंगळ आहे. जाड्या माणसाला, काळ्या माणसाला, तोतऱ्या माणसाला हसणे हा तिथला नेहमीचा मसाला आहे. काही गाण्यांचे शब्द घरच्यांसमोर ऐकताना आम्ही तेव्हाही मान वळवत होतो. गोविंदाचा निरागस चेहरा पुष्कळदा या घाणीवर पांघरूण घालायला वापरला गेला, आणि त्याने तो वापरू दिला. लेखकाने हा भाग दोन परिच्छेदांत उरकला आहे. मला तो कमी वाटतो, आणि तसे मी त्याला सांगितले आहे.

दुसरी गोष्ट जास्त दुःखाची. २००० नंतर त्याची घसरण झाली. त्याच वर्षी ‘हसीना मान जायेगी’साठी त्याला सर्वोत्कृष्ट विनोदी नटाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ‘शिकारी’त त्याने खलनायक करून पाहिला, आणि महेश मांजरेकर यांच्या ‘जिस देश में गंगा रहता है’मध्ये तो शहरात आलेला खेडवळ मुलगाही झाला. पुढे मात्र चित्रपटामागून चित्रपट पडत गेला. कारणे सगळ्यांना पाठ आहेत. सेटवर उशिरा येण्याबद्दलच्या तक्रारी, एका वेळी घेतलेली ढीगभर कामे, मल्टिप्लेक्सने बदललेला प्रेक्षक. एकपडदा थिएटरे बंद पडली आणि शिट्ट्या वाजवणारा त्याचा प्रेक्षक घरच्या टीव्हीपुढे जाऊन बसला. २००७ च्या ‘पार्टनर’ने सगळ्यांना जुनी आठवण करून दिली, पण ती टिकली नाही. मला यात आणखी एक कारण दिसते. मराठी नटाला सिनेमाने नाकारले तर तो नाटकाकडे परत जातो. शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग लागतो, चारशे माणसे समोर असतात, अंगातली कला जिवंत राहते. लागूंना, विक्रम गोखल्यांना, अशोक सराफांना तो आधार होता. गोविंदाकडे परतायला घर नव्हते. ज्या रंगभूमीवरचा थोर कलावंत म्हणून विलायतेत त्याला मते पडली, ती रंगभूमी त्याने जोडली असती तर पन्नाशीत तो काय करू शकला असता, या विचाराने मला खरोखर हळहळ वाटते.

राजकारणाबद्दल थोडक्यात. २००४ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर त्याने उत्तर मुंबईत राम नाईकांना सुमारे ४८ हजार मतांनी हरवले. तेव्हा वसई-विरार याच मतदारसंघात होते. आम्ही आमच्या मुलाला मत दिले. खासदार म्हणून तो संसदेत फारसा दिसला नाही आणि इथेही नाही. २००९ मध्ये तो उभा राहिला नाही. नटावर माया करणे आणि लोकप्रतिनिधी निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या पाच वर्षांनी आमच्या भागाला चांगलेच शिकवले.

तरी माया गेली नाही. हळदीच्या रात्री मांडवात स्पीकर लागतो तेव्हा काय होते ते बाहेरच्यांनी येऊन पाहावे. आगरी, कोळी, वाडवळ, कुणाचेही घर असो. पारंपरिक गाणी संपली की गोविंदाचे एखादे लागते आणि खुर्चीतले आजोबाही खांदा उडवतात. वसईच्या ख्रिस्ती लग्नांतला बँडही ती चाल उचलतो. मांडवात जागा नसते, कधीच नसते, आणि त्या नाचाला ती लागतही नाही. दीडशेहून जास्त चित्रपटांतले कितीतरी विसरले गेले. हा झोक आमच्या लग्नांत मुरून गेला आहे.

पुस्तकात तारखा, याद्या, मुलाखती सगळे आहे, आणि ते कष्टाने जमवलेले आहे. वाचकाला मी एक विनंती करतो. पहिले पान उलटण्याआधी १९७२ चा ‘बावर्ची’ काढा आणि त्यातले सगळे घर एकत्र बसून पहाटे गाते ते गाणे ऐका. मग १९९७ चा ‘हीरो नंबर १’ पाहा, त्याच घराची नव्या रूपात सांगितलेली गोष्ट, स्वयंपाक्याच्या वेषात गोविंदा. ‘बावर्ची’तल्या त्या गाण्यात मन्ना डे आणि किशोरकुमार यांच्या आवाजांच्या मधून बायकांचे दोन आवाज येतात. एक लक्ष्मी शंकर यांचा. दुसरा निर्मलादेवींचा. मुलाचा चित्रपट पाहायला त्या राहिल्या नाहीत. तो लागायच्या आठ महिने आधी, जून १९९६ मध्ये, त्या गेल्या.